रिकाम्या ऐरणीवर

घराचा सौदा ठरला आणि तिसऱ्याच दिवशी घणवालीने सामान बांधायला काढलं. कचेरीतली खरेदीखताची तारीख अजून अठरा दिवसांवर होती. इतक्या आधी कोण शहाणं माणूस ताटंवाट्या गोणीत घालून तोंड शिवून टाकतं? पण हिने टाकलं. एक पातेलं, एक तवा आणि दोन ताटं बाहेर ठेवली, बाकी सगळं सुतळीने आवळलं. गल्लीतल्या बायका दारात येऊन बघून जायच्या. अगं, उतावीळपणाला काही सुमार आहे का, असं म्हणायच्या. ही हसून पुढची गोणी ओढायची. सामान बांधून झालं की घर सुटल्यातच जमा, असं तिच्या डोक्याने धरलं होतं.

ती लोहाराची बायको. घण तीच घालायची, म्हणून गल्लीने तिला घणवाली केलं होतं. नवरा बसून सांडशीत लाल लोखंड धरायचा आणि उजव्या हातातल्या लहान हातोडीने त्यावर एक टिचकी टाकायचा. ही समोर उभी. हातोडी जिथे टेकली तिथे हिने घण घालायचा. पुन्हा टिचकी, पुन्हा घण. बोलायचं काही नाही. हातोडी ऐरणीवर लागोपाठ दोनदा वाजली की थांबायचं, तोवर थांबायचं नाही. चौदा वर्षं तो टेकवत होता आणि ती घालत होती.

सासऱ्याने पहिल्या दिवशी दोन गोष्टी शिकवल्या होत्या. घण घालणाऱ्याने हातोडीकडे बघायचं, दुसरीकडे नाही. आणि रिकाम्या ऐरणीवर घण घालायचा नाही. मध्ये तापलेलं लोखंड नसलं की ऐरण घाव परत फेकते. थंडीच्या सकाळी तर कपची उडते, कधी अख्खा तुकडा निखळतो. म्हाताऱ्याच्या पोटरीत अशाच एका कपचीचा खड्डा होता. येणाऱ्या-जाणाऱ्याला तो पायजमा वर करून दाखवायचा.

तिला चौथा महिना चालला होता. याआधी दोन गेले होते, दोन्ही चौथ्या-पाचव्यात, दोन्ही घणाखाली. पहिल्या वेळी ती भट्टीसमोर उभी होती, पोटात कळ आली, मांडीवरून गरम ओघळ खाली आला. तरी दोन टिचक्या वाजल्या नव्हत्या, म्हणून तिने आणखी सहा घाव घातले. मग फाळ पाण्यात बुडाला, फसफसला, आणि तेव्हा कुठे ती भिंतीला धरून खाली बसली. दुसऱ्या वेळी घाव किती घातले ते तिने मोजलेच नाहीत.

म्हणून तिला जायचं होतं. शहरात तिच्या मावसभावाचं गेट-खिडक्यांचं वर्कशॉप होतं. तिथे लोहाराला काम होतं, मागे राहायला दोन खोल्या होत्या, आणि मशीनचा घण होता. बटण दाबलं की तोच वर जातो आणि तोच खाली येतो. त्याला पोट नसतं. मावसभावाने खोल्या महिनाभर अडवून ठेवल्या होत्या. त्यापुढे त्याला दुसरा कारागीर बघावा लागणार होता, आणि ते त्याने स्पष्ट सांगितलं होतं.

घर घेणारा गिरणीवाला. त्याची पिठाची गिरणी आणि लोहाराचं घर यांच्यात एकच भिंत होती. ती भिंत पाडून त्याला दुसरं जातं बसवायचं होतं. त्याची अट साधी होती. घर जसं उभं आहे तसं मिळालं पाहिजे. जे उचलता येतं ते तुमचं, जे रोवलेलं आहे ते घराचं. दाराचा खिळासुद्धा उपटायचा नाही. मग भट्टीच्या पडवीत जाऊन त्याने ऐरणीला चपलेचं टोक लावलं आणि म्हणाला की हे धूड मात्र घेऊन जा बाबांनो, मला त्यावर काय पीठ दळायचंय?

ऐरण लाकडाच्या ओंडक्यावर बसवलेली होती आणि ओंडका कमरेइतका जमिनीत गाडलेला. आजोबांच्या वेळेपासून ती तिथे होती. आता ती उचलता येण्यासारख्या वस्तूंत जमा झाली आणि तिथेच माशी शिंकली. कारण घर दोन भावांचं होतं. घराचे दोन वाटे करता येतात. ऐरणीचे कसे करणार?

धाकटा भाऊ गावाच्या दुसऱ्या टोकाला गोदामाशेजारी राहायचा आणि पोती वाहायचा. इसाराच्या कागदावर त्याने सही केली होती, चहाही पिऊन गेला होता. तारखेच्या दिवशी मात्र तो आलाच नाही. लोहार, घणवाली आणि गिरणीवाला सकाळपासून कचेरीच्या बाकावर बसले. कारकुनाने तीनदा नाव पुकारलं. तिसऱ्या वेळी तो कंटाळून म्हणाला की सगळे हिस्सेदार नसतील तर कशाला आमचा वेळ खाता, आणि कागद बाजूला सारून पुढचं नाव घेतलं. गिरणीवाल्याने सगळ्या लोकांसमोर लोहाराला विचारलं की घरात तुझं कुणी ऐकतं की नाही. बाकावरचे चार-पाच जण हसले. लोहाराने मान खाली घातली. घरी गेल्यावर ती मान कुणावर उचलली जाणार हे हिला माहीत होतं.

तसंच झालं. बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी, म्हणतात ना, त्यातली गत. दार लावायच्या आत त्याने तिच्या पाठीत ठेवून दिली. ती गोण्यांवर पडली. शिवलेल्या गोणीतली ताटं खणखणली. तुझ्या घाईने हे झालं, तो म्हणाला, आधीच सगळं बांधून बसलीस, गावाला दिसलं आपण अडलोय ते, म्हणून तो धाकटा माजला. मग त्याने एका गोणीला लाथ घातली, ती फुटली, आणि एक वाटी गडगडत पार रस्त्यावर गेली. समोरच्या बाईने ती उचलून उंबऱ्यावर ठेवली. आत न बघता निघून गेली.

ही पोट धरून उठली. दोन्ही हातांनी चाचपून बघितलं. मग सुई घेऊन गोणी पुन्हा शिवायला बसली.

पुढची तारीख बारा दिवसांनी मिळाली. लोहार रिकामा बसणारा नव्हता. दगडखाणीवरून त्याने चाळीस पाचरा आणि सहा पहारींचं काम आणलं आणि विझवलेली भट्टी परत पेटवली. खाणीतल्या पाचरा म्हणजे जाडजूड काम, दगड फोडायचं लोखंड. मनगटाएवढ्या सळीला टोक काढायचं म्हणजे एका तापात पंधरा-वीस घाव.

तिने त्याला एकदाच सांगितलं. "अहो, हे काम नको घ्यायला. चौथा संपत आलाय."

"आमची आजी भट्टीपुढे बाळंत झाली," तो भाता ओढत म्हणाला. "सकाळी पोर झालं, संध्याकाळी घण हातात."

ही आजीची गोष्ट तिने चौदा वर्षांत इतक्यांदा ऐकली होती की त्या आजीला एकदा समोर बसवून विचारावं, बाई गं, खरंच का, असं तिला वाटायचं. तिने घण उचलला.

घणाचा दांडा तिच्या हाताने झिजला होता. तळव्यांच्या घट्ट्यांत तो बरोबर बसायचा. उजवा खांदा मात्र दोन वर्षांपासून सरकायचा. वर जाताना आत काहीतरी कट् वाजायचं आणि खाली येताना मानेपर्यंत आग व्हायची. ती दात आवळायची. टिचकी, घाव. टिचकी, घाव. ठिणग्या तिच्या पायांवर पडायच्या, पिंडऱ्यांवर काळे ठिपके उठायचे. घाव बसला की हादरा दांड्यातून हातात, हातातून छातीत आणि छातीतून खाली पोटात उतरायचा. पूर्वी तो हादरा नुसता हादरा होता. आता प्रत्येक वेळी तिला वाटायचं की आत कुणाच्या तरी दारावर ठोके पडतायत, आणि ती मनातल्या मनात त्याला म्हणायची, धर रे, घट्ट धर.

पाचव्या दिवशी तिला रक्ताचा डाग दिसला. लहानच, नखाएवढा. ती न्हाणीत बराच वेळ बसून राहिली. रडली नाही. हात धुतले, भट्टीशी आली आणि लोहाराला सांगितलं. त्याने भाता थांबवला. मग म्हणाला की आज अर्धा दिवस पुरे, उद्यापासून पहारी घेऊ. त्याच्या मते ही मोठी सूटच होती.

त्या अर्ध्या दिवसात ती गोदामावर गेली.

धाकटा पोत्यांच्या थप्पीवर बसून जेवत होता. तिला बघून खाली उतरला, एक रिकामं पोतं झटकून तिच्यासाठी अंथरलं. वहिनीबद्दल त्याच्या मनात कधी वाकडं नव्हतं. लग्न होऊन ती आली तेव्हा हा जेमतेम मिसरूड फुटलेला, उजव्या हाताची मधली दोन बोटं नसलेला. तिनेच त्याला डाव्या हाताने गुंडी लावायला शिकवलं होतं.

"भाऊजी, सही का अडवलीत?"

"घर न्या वहिनी. दार न्या, कौलं न्या, माझा वाटा पण न्या. मला ऐरण पाहिजे."

"तिचं काय करणार? तुम्ही घण तरी उचलता का?"

त्याने उजवा हात तिच्यापुढे धरला. बुडखे गुळगुळीत झाले होते. "ही दोन तिच्यावर गेलीत. दादाचं काय गेलंय?"

तो अपघात तिला ठाऊक होता. घरात सांगायचे ते असं, की धाकट्याने सांडशी धरली होती, लोखंड घसरलं, याने खुळ्यासारखा हात पुढे केला. घण म्हाताऱ्याच्या हातात होता, टेकवायला मोठा. घाव चुकला.

"घाव चुकला नव्हता," धाकटा म्हणाला. "बाबांचा घाव कधी चुकला नाही. दादाने जिथे टेकवलं तिथेच बसला. त्याने आधी माझ्या हाताकडे बघितलं, वहिनी. मग टेकवलं."

ती म्हणाली की असं कुणी करत नाही, सख्ख्या भावाला तर नाहीच नाही. तो म्हणाला की आदल्या दिवशी जेवताना बाबा बोलून गेले होते, धाकट्याचा हात हलका आहे, भट्टी त्याच्याकडे द्यावी. दादा ताटावरून उठून गेला होता. बाबांनी त्यानंतर मरेपर्यंत घण हातात घेतला नाही. पुढच्याच वर्षी तुम्हाला आणलं.

हे मात्र तिने कधी ऐकलं नव्हतं. सासरा धडधाकट असताना पोटरीचा खड्डा दाखवत दारात का बसून असायचा, हे तिला चौदा वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. तिने पोतं झटकून परत थप्पीवर ठेवलं. जाताना एवढंच म्हणाली की मला पाचवा लागायच्या आत इथून निघायचंय, भाऊजी, तुमचं भांडण ज्याच्याशी असेल त्याच्याशी असू दे. धाकट्याने मान वळवली. ऐरण मिळाली की लगेच सही करतो, म्हणाला.

घरी येऊन तिने नवऱ्याला सांगितलं की ऐरण देऊन टाका. बोटांचं काही बोलली नाही. वर्कशॉपात तयार ऐरण आहे, ही न्यायची तरी कशात? लोहार पाचरांना पाणी देत होता. त्याने ऐकून घेतलं. मग उठला, तिच्या मानेमागे हात घातला आणि तिला वाकवत वाकवत ऐरणीपर्यंत नेलं. तिचं कपाळ लोखंडाला टेकलं. ऐरण अजून कोमट होती.

"ही देऊन टाकू? आणि तिथे जाऊन तुझ्या मावसभावाचं बटण दाबू? ही माझी आहे. माझी. ऐकू येतंय का तिच्यातून?"

तिने ऐकू येतंय असं सांगितलं. तरी त्याने हात लगेच काढला नाही. भुवईच्या वर तिला काळा डाग पडला, तो कोळशाचा की माराचा हे दोन दिवस कळलं नाही.

मग पहारी झाल्या, सहाच्या सहा. रोज थोडा डाग जायचा. दुपारी ती भिंतीला पाय लावून अर्धा तास पडायची आणि हातोडी वाजली की उठायची. चौथ्या पहारीच्या वेळी तिने एक घाव जाणूनबुजून हलका घातला. लोहाराने वर बघितलं आणि सांडशीतली लाल सळई तिच्या पावलाशी नेऊन धरली. लावली नाही. नुसती धरली, बोटांवरचे केस जळल्याचा वास येईपर्यंत. पुढचे घाव तिने पूर्ण घातले.

तारखेच्या आदल्या दिवशी गिरणीवाला मोजमापाला आला. सोबत गवंडी. गोण्या वाटेत होत्या तर चपलांसकट त्यांच्यावरूनच चालत गेला. खालची एक वाटी चेपल्याचा आवाज तिने ऐकला. भिंतीवर चुन्याची रेघ मारून घेतली, भिंत कुठून पाडायची त्याची. स्वयंपाकाच्या जागेत उभा राहून, इथे मोटर, असं गवंड्याला सांगितलं. ती तिथेच पातेलं घासत होती. तिने पाय आखडून घेतले. जाताना तो लोहाराला म्हणाला की उद्या दहाला शेवटचं. उद्या तुझा भाऊ नाही आला तर पलीकडचा गोठा घेतोय, मालक रोज माझ्या दारात बसून असतो. मग बस तुझ्या घरात ऐरणीची पूजा करत.

 संध्याकाळी लोहाराने भट्टी विझवली आणि राखेवर पाणी ओतलं.

सकाळ कडाक्याची थंड होती. तोंडातून वाफ निघत होती. ऐरणीवर दव धरलं होतं, बोट लावलं तर चिकटेल इतकी ती गार. घणवालीने उठून तोंड धुतलं, उरलेलं पातेलं गोणीत टाकलं आणि हत्यारं बांधायला पडवीत आली. तेवढ्यात बाहेर टेम्पो थांबला.

तो त्यांचा टेम्पो होता, सामान न्यायला सांगितलेला. पण पुढून उतरला धाकटा. खांद्यावर पहार. त्याने वहिनीकडे बघितलं, सहीला येतोय, म्हणाला, आधी माझं घेतो. आणि सरळ जाऊन ओंडक्याच्या बुडाशी पहार घातली. कालची ओली राख आणि माती उडाली. चार-पाच घावांत त्याने हातभर खड्डा काढला. तीन बोटांनी पहार धरणारा माणूस, पण पोती वाहून खांदे बैलासारखे झालेले.

लोहार आतून धावत आला तो मुंडीच खाली घालून. दोघं आपटले ते भात्यावर. भात्याचं कातडं फाटलं, कोंडलेली हवा सुस्कारत बाहेर आली. धाकट्याने त्याच्या तोंडावर कोपर मारलं. दात तुटल्याचा आवाज झाला. लोहाराने थुंकायलाही वेळ घेतला नाही, हाताला लागली ती पहार भावाच्या गुडघ्यावर आडवी घातली. धाकटा बोंबलून खाली बसला. टेम्पोवाला दारात आला होता, तो तसाच मागे सरकत रस्त्यात जाऊन उभा राहिला. समोरच्या बाईने दार लावून घेतलं.

घण भिंतीशी उभा होता. दोघांपैकी कुणाच्या हाती लागू नये म्हणून घणवालीने तो उचलला. एवढंच तिच्या मनात होतं, हे नीट ध्यानात घ्या, कारण पुढे गल्लीने चार गोष्टी रचल्या.

लोहाराने मोठी सांडशी उचलली, खाणीच्या सळया धरायची. तिचं तोंड भावाच्या उजव्या मनगटावर आवळलं. गुडघ्याने त्याची छाती दाबली, आणि सांडशीने हात ओढून ऐरणीवर आणला, तापलेलं लोखंड आणतात तसा, सरकवून, जागा बघून. धाकट्याचा चेहरा पांढरा पडला. तो ओरडेना. उरलेली तीन बोटं त्या गार लोखंडावर पसरली. लोहाराचा उजवा हात मोकळा होता. त्याने हातोडी घेतली.

आणि बोटांवर एक टिचकी टाकली.

घण वर गेला. तिने नेला नाही, तो गेला. चौदा वर्षांत टिचकी पडली आणि घण वर गेला नाही, असं एकदाही झालं नव्हतं. खांद्यात कट् वाजलं. पाय आपोआप फाकले, कंबर आपोआप वळली, आणि घण तिच्या डोक्याच्या वर जाऊन क्षणभर थांबला, रोज थांबतो तसा.

घण घालणाऱ्याने हातोडीकडे बघायचं. तिने बघितलं नाही. तिने नवऱ्याच्या डोळ्यांकडे बघितलं. तो भावाच्या हाताकडे बघत होता, शांतपणे, सळईचा रंग बघावा तसा. मग तिला गोदामातलं सगळं खरं वाटलं. आणि हेही दिसलं की तो आता तिला बघतच नव्हता. ती उभी आहे की आणखी कुणी, पोटात काही आहे की नाही, याच्याशी त्याला घेणंदेणं नव्हतं. टेकवलं की घण पडतो, एवढंच त्याला माहीत होतं.

वर गेलेला घण हवेत ठेवता येत नाही. तो खाली येतोच. तिने कंबर आणखी अर्धी वीत वळवली आणि होतं नव्हतं ते बळ लावून तो ऐरणीच्या मागच्या टोकावर घातला, जिथे छिन्नी बसवायचं चौकोनी भोक होतं तिथे. रिकाम्या, थंड ऐरणीवर.

आवाज असा झाला की गिरणीवाला पीठ माखलेल्या अंगाने बाहेर पळत आला. ऐरणीचं मागचं टोक भोकापासून निखळून जमिनीत रुतलं. घण उलटा उसळला, तिच्या हातातून सुटला आणि दारापाशी जाऊन पडला. एक कपची लोहाराच्या गालातून आत गेली आणि जबड्याला लागून थांबली. सांडशी सुटली. तो गालाला हात लावून बसला. बोटांमधून रक्त येऊन मनगटावरून कोपराला आलं आणि तिथून थेंब थेंब राखेत पडू लागलं.

धाकट्याने हात छातीशी ओढून घेतला होता. एकेक बोट हलवून बघत होता. तीन होती.

 तिचे दोन्ही हात दंडापर्यंत बधिर झाले होते. तिने ते पोटावर ठेवले आणि वाट बघितली. कळ येते का, ओघळ येतो का. रस्त्यातला टेम्पोवाला, गिरणीवाला, नवरा, दीर, सगळे तिच्या तोंडाकडे बघत राहिले आणि ती भिंतीकडे बघत राहिली. काही आलं नाही.

मग ती नवऱ्यापुढे जाऊन उभी राहिली.

"मघाशी बोटं फुटली असती," ती म्हणाली. "माझ्या हाताने. तुमची दोन पोरं गेली तशीच. इथून पुढे तुम्ही कुठेही टेकवा, माझा हात उठणार नाही. मारायचं तर मारून टाका, पण हात उठणार नाही."

लोहाराने वर बघितलं. त्याच्या तोंडात रक्त होतं. तो ऐरणीच्या तुटल्या कडेवरून बोट फिरवत राहिला. आतलं लोखंड राखाडी आणि दाणेदार होतं, आजवर ते कुणी पाहिलं नव्हतं. बाईमाणसाने मोडली, असं काहीतरी तो पुटपुटला. तिने ते ऐकलं आणि सोडून दिलं.

धाकट्याने रुतलेला तुकडा मातीतून ओढून काढला. मांडीवर घेऊन बसला. मग तो परत खाली ठेवला आणि वहिनीला विचारलं की आता काय.

"आता सही. दहाला तारीख आहे."

तिने कपची स्वतः काढली, लहान सांडशीने. जखमेत फडकं कोंबलं, दुसरं डोक्यावरून हनुवटीखाली बांधलं. लंगडणाऱ्या धाकट्याला टेम्पोत बसवलं. निघण्याआधी मात्र तिने एक काम केलं. धाकट्याने काढलेला खड्डा तसाच होता. तिने घण उचलला, डोकं खाली करून त्या खड्ड्यात सोडला, पायाने माती लोटली आणि टाचेने दाबली. दांड्याचं वीतभर टोक वर राहिलं. गिरणीवाला हे सगळं बघत होता. ही काय भानगड, त्याने विचारलं. ते उचलून न्या.

"रोवलंय," ती म्हणाली. "जे रोवलंय ते घराचं. तुमचीच अट."

कचेरीत कारकुनाने एकाच्या बांधलेल्या तोंडाकडे आणि दुसऱ्याच्या सुजलेल्या गुडघ्याकडे बघितलं आणि विचारलं की अंगावर घर पडलं का. धाकट्याने तीन बोटांत पेन धरून सही केली, सावकाश, प्रत्येक अक्षर सुटं काढत. लोहाराच्या हातातून पेन दोनदा गळलं, तेव्हा कारकुनाने त्याचा अंगठा घेतला. कागदावर शाईच्या शेजारी एक तांबडा ठिपका पडला. तो पुसताना पसरला. कारकून करवादला, पण कागद चालला. घर गिरणीवाल्याचं झालं.

धाकटा कचेरीच्या दारातच थांबला. ऐरणीचं काय करू, त्याने विचारलं. घणवाली म्हणाली की दोन्ही तुकडे तुमचे, भाऊजी, फेका नाहीतर ठेवा. त्याने मान हलवली. दादाशी तो बोलला नाही आणि दादाही त्याच्याशी बोलला नाही.

घरून गोण्या चढवल्या. लोहार मागे सामानात बसला, ही पुढे ड्रायव्हरशेजारी. गाव मागे पडलं, खाणीची धूळ गेली, खड्ड्यांचा रस्ता संपून डांबरी लागला. तिच्या पाठीमागच्या पत्र्याला टेकून लोहार बसला होता. मध्येच, दोरी सुटली होती की आणखी काय झालं होतं कोण जाणे, त्याने बोटाच्या पेराने पत्र्यावर टिचकी मारली. एकच.

तिचा उजवा खांदा आपोआप वर उचलला गेला. आत कट् वाजलं. ड्रायव्हरने तिच्याकडे बघितलं आणि थांबू का, असं विचारलं.

"नको. चालू दे," ती म्हणाली.

खांदा हळूहळू खाली आला. दोन्ही हात पोटावर होते, ते तिथेच राहिले.